परभाषेची पाठशाळा
(मांडूच्या गडावरील एका तरुण धर्मोपदेशकाच्या निमित्ताने)

विद्यार्थिमित्रांनो, मांडूचे नाव निघाले की बाजबहादुर आणि रूपमती यांची कथा प्रत्येकाच्या ओठांवर येते. मुंज तलाव आणि कापूर तलाव यांच्या मध्ये उभा असलेला जहाजमहाल, होशंगशहाची संगमरवरी कबर, आणि ज्या सज्जातून स्वच्छ दिवशी नर्मदेची रुपेरी रेघ दिसते तो रूपमतीचा मंडप, यांची वर्णने आपण वाचलेली असतात. परंतु विंध्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या या गडाने एका निराळ्याच विद्येचा खेळ एकदा पाहिला आहे. ती विद्या म्हणजे परभाषा शिकण्याची विद्या. आज शाळेत मराठी, हिंदी, इंग्रजी आणि संस्कृत अशा तीन-चार भाषांशी झुंजणाऱ्या तुम्हांला या प्रसंगापासून पुष्कळ शिकता येईल, असे आम्हांस वाटते.

इ. स. १६१७ च्या मार्च महिन्यात बादशहा जहांगीर आपल्या प्रचंड छावणीसह मांडूस येऊन राहिला. गडावरील जुन्या इमारतींची डागडुजी आणि नवे बांधकाम यांवर तीन लक्ष रुपये खर्च झाल्याचे त्याने आपल्या आत्मवृत्तात नमूद केले आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हाही बादशहाच्या मागोमाग मांडूस आला. बादशाही छावणीने गड भरून गेला होता. तेव्हा वस्तीपासून दूर, रानाच्या कडेला, एक मशीद आणि एक कबर असलेल्या ओसाड आवारात रोने आपले बिऱ्हाड थाटले. पाण्याचे दुर्भिक्ष तर असे की, विहिरी मोठमोठ्या सरदारांच्या ताब्यात आणि गोरगरीब तहानेने व्याकूळ. एका सरदाराच्या विहिरीवरून मिळणाऱ्या मोजक्या पाण्यावर रोच्या मंडळींना दिवस काढावे लागत. एका रात्री सिंह आवारात शिरून मेंढरांवर पडला. सिंहाची शिकार हा बादशहाचा खास हक्क असल्यामुळे त्याला मारण्यासाठीदेखील प्रथम परवानगी मागावी लागली!

अशा या बिऱ्हाडात एक सत्तावीस वर्षांचा तरुण राहत होता. त्याचे नाव एडवर्ड टेरी. रोचा पहिला धर्मोपदेशक १६१६ मध्ये अजमेरास मरण पावल्यामुळे त्याच्या जागी टेरीची नेमणूक झाली होती. काटेकोर अर्थाने टेरीला मिशनरी म्हणता येणार नाही. वकिलातीतील इंग्रज मंडळींची प्रार्थना-उपासना चालविणे एवढेच त्याचे काम होते. तथापि त्याच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न पुढे या देशात आलेल्या प्रत्येक मिशनऱ्यापुढे उभा राहिला. तो प्रश्न असा: ज्या लोकांत आपण राहतो, त्यांची भाषा आपल्याला येत नसेल तर आपण त्यांना काय सांगणार, आणि त्यांचे काय ऐकणार?

टेरीचे शिक्षण काही कमी नव्हते. तो ऑक्सफर्डच्या विद्यापीठात शिकला होता. परंतु मांडूच्या बाजारात ते शिक्षण कोणाच्या कामाचे? दरबारात फारसी चाले. बादशाही घराण्यात तुर्कीची परंपरा होती. शिपाई, मोतद्दार, भिस्ती, धोबी यांच्या तोंडी हिंदुस्थानी असे. गडाखालच्या गावांतून माळवी, घाट उतरून नर्मदेकडे गेले की निमाडी, आणि आसपासच्या डोंगरांतून भिल्लांची बोली. अशा बहुभाषी प्रदेशात विद्यापीठाचा पदवीधरही बोबड्या बालकासारखाच असतो.

दुभाष्याची उसनी जीभ

स्वतः वकील सर टॉमस रो याची अवस्था याहून बरी नव्हती. त्याचे सारे राजकारण दुभाष्याच्या जिभेवर चाले. अजमेरास असताना त्याच्या ध्यानात आले की, आपला दलाल बादशहापुढे आपले शब्द जसेच्या तसे सांगत नाही; ऐकणाऱ्याला रुचेल तेवढेच सांगतो आणि कडू भाग गिळून टाकतो. त्या गरीब माणसाचे तरी काय चुकले? वकील आज आहे, उद्या स्वदेशी जाईल. दलालाला मात्र त्याच दरबाराच्या छायेत जन्म काढावयाचा होता. शेवटी रोने जिभेचा जरा मोकळा असा एक इटालियन जवाहिऱ्या दुभाष्या म्हणून बरोबर नेला. म्हणजे इंग्रजाचा विचार इटालियनाच्या तोंडून निघून बादशहाच्या कानी पडावयाचा. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना पाणी सांडते. मग अशा ओतण्यात अर्थ किती सांडत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. रो १६१९ पर्यंत या देशात राहिला. काही फर्माने त्याने मिळविली. पण ज्या प्रकारचा कायमचा तह करण्यासाठी तो आला होता तो तह त्याच्या हाती लागला नाही. याला राजकारणाची इतर कारणे होतीच. तरीही उसन्या जिभेने मन जिंकता येत नाही, हा धडा त्यातून निघतोच.

धोबिणीशी वाद

त्याच बिऱ्हाडात १६१७ मध्ये एक विलक्षण पाहुणा येऊन राहिला. त्याचे नाव टॉमस कोरियट. हा गृहस्थ पश्चिम आशियातून बहुतांशी पायी चालत, इराणमार्गे हिंदुस्थानात आला होता. तंबू असो की खोली, टेरी आणि कोरियट एकत्र राहत, त्यामुळे त्याची हकीकत टेरीने मोठ्या आत्मीयतेने लिहून ठेवली आहे. कोरियटजवळ पैसा नव्हता, अधिकार नव्हता, परिवार नव्हता. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलल्याखेरीज त्याला भाकरीही मिळाली नसती. या गरजेनेच त्याला विद्या दिली. तुर्की, अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी या चारही भाषांत तो व्यवहार करू लागला. १६१६ मध्ये अजमेरास त्याने झरोक्याखाली उभे राहून खुद्द जहांगीरापुढे फारसीत भाषण केले, आणि बादशहाने त्याला शंभर रुपये दिले. वकील रोला हे याचकाचे वर्तन मुळीच आवडले नाही. पण जे त्याला दुभाष्यावाचून साधत नव्हते ते या फटिंग प्रवाशाने एकट्याने साधले, हे खरे.

कोरियटच्या हिंदुस्थानी भाषेची परीक्षा मात्र दरबारात झाली नाही. ती धोबीघाटावरच्या भाषेत झाली. वकिलाच्या पदरी एक धोबीण होती. तिची जीभ अशी तिखट की, सूर्योदयाला सुरू झालेले भांडण सूर्यास्तापर्यंत चालावे. एके दिवशी कोरियटने तिच्याच भाषेत तिच्याशी वाद मांडला, आणि टेरी सांगतो की, सकाळी आठ वाजण्याच्या आत ती बाई निरुत्तर झाली! ही गोष्ट वाचून हसू येते, आणि यावेच. परंतु हसून झाल्यावर विचार करा. भांडणाची भाषा कोणत्याही व्याकरणात छापलेली नसते. तिच्यात वेग असतो, म्हणी असतात, टोमणे असतात, कोणत्या शब्दाने कोणाला किती लागते याचे भान असते. ज्याला परभाषेत भांडता येते आणि परभाषेतला विनोद कळतो, त्याने त्या भाषेच्या घरात पाऊल टाकले असे समजावे. उंबरठ्याबाहेर उभे राहून केवळ ‘नमस्कार’ आणि ‘किती पैसे’ एवढेच म्हणणारा मनुष्य पाहुणाच राहतो.

मांडूच्या मुक्कामात कोरियटची प्रकृती ढासळू लागली. एकदा दगडी खांबाला टेकून उभा असता रो आणि टेरी यांच्या देखत तो मूर्च्छित पडला. सावध झाल्यावर, आपण स्वदेशी परतून प्रवासवर्णन लिहिण्यापूर्वीच मेलो तर, ही चिंता त्याने बोलून दाखविली. ती चिंता खरी ठरली. १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस त्याचा अंत झाला, आणि त्याने मिळविलेले भाषांचे धन बहुतेक त्याच्याबरोबरच गेले.

टेरी मात्र १६१९ मध्ये इंग्लंडला परतला. त्याचे पुस्तक पाहता, त्याला येथील एखादी भाषा अस्खलित येत होती असे दिसत नाही. परंतु त्याचे कान जागे होते. हिंदुस्थानी ही उच्चारास सोपी, ओघवती आणि थोडक्या शब्दांत पुष्कळ आशय सांगणारी भाषा आहे, असा अभिप्राय त्याने नोंदविला. त्याहून मोलाची नोंद दुसरीच आहे. समुद्रकाठच्या बंदरांत इंग्रजांशी व्यवहार करणारे लोक तोडक्यामोडक्या इंग्रजीत ख्रिस्ती लोकांविषयी काय म्हणत, हे त्याने न लपविता लिहिले. हे लोक फार दारू पितात, फार मारतात, फार शिव्या देतात. तेव्हा यांचा धर्मही तसाच असला पाहिजे, असा त्या बोलण्याचा आशय होता. धर्मोपदेशकाला हे ऐकताना काय वाटले असेल! पाहुण्याने यजमानाची भाषा शिकली नाही, तेव्हा यजमानानेच पाहुण्याची भाषा शिकून त्याला आरसा दाखविला. आपले आचरण ही एक भाषाच आहे, आणि ती सर्वांना दुभाष्यावाचून कळते.

त्याच वर्षी, गोव्यात

आता मांडूच्या गडावरून दृष्टी दक्षिणेकडे, सरळ रेषेत सुमारे आठशे किलोमीटर दूर, गोव्याकडे वळवू. कारण ज्या काळात रो आणि टेरी दुभाष्याच्या मुखाकडे पाहत बसले होते, त्याच काळात त्यांचाच एक देशबांधव तेथे मराठी ओवीत पुराण रचून मोकळा झाला होता! त्याचे नाव टॉमस स्टीफन्स. आपण त्याला फादर स्टीफन्स म्हणून ओळखतो.

स्टीफन्सचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. रोममध्ये जेझुइट पंथाची दीक्षा घेऊन १५७९ च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून निघाला आणि ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. तेव्हा त्याचे वय तीस वर्षांचे होते. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, तो गोव्याच्या भूमीवर आणि मुख्यतः साष्टी प्रांतातील खेड्यांत राहिला. येथेच त्याच्यात आणि मांडूच्या मंडळींत पहिला भेद दिसतो. टेरी अडीच वर्षांचा पाहुणा होता. स्टीफन्स राहावयास आला होता.

दुसरा भेद वृत्तीचा. येऊन चार वर्षे झाली न झाली तोच, १५८३ मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले की, येथील भाषांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशी जुळती आहे. भाषाशास्त्रज्ञांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे नाते शास्त्ररीतीने मांडावयास अजून दोन शतके जावयाची होती. परक्याच्या भाषेला गावंढळ न समजता, आपण ज्या भाषांना सर्वांत पूज्य मानतो त्यांच्या पंक्तीला नेऊन बसविणे, ही नम्रता म्हणजेच भाषाभ्यासाचा श्रीगणेशा होय.

मार्ग मात्र सोपा नव्हता. त्याच्या अडचणी आपण मराठी माणसाने समजून घेतल्या पाहिजेत, कारण त्या आपल्याला जन्मतःच सुटलेल्या असतात. युरोपियाच्या कानाला ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’, ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद प्रथम ऐकूच येत नाही. मग तो जिभेवर कोठून येणार? ‘बाळ’ म्हणावयाचे आणि ‘बाल’ म्हणून जावयाचे, ‘खाणे’ म्हणावयाचे आणि ‘काने’ ऐकू यावयाचे! ‘चार’ मधला ‘च’ निराळा आणि ‘चमचा’ मधला निराळा. दोहोंना अक्षर मात्र एकच. त्यातून देवनागरीचे खिळे गोव्याच्या छापखान्यात नव्हते. तेव्हा मराठी-कोकणी शब्द रोमन अक्षरांतच छापणे भाग होते, आणि त्या अक्षरांत ‘ण’ किंवा ‘ळ’ लिहिण्याची सोय नव्हती. यावर तोडगा निघाला तो असा की, मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठी रोमन अक्षर दोनदा लिहावयाचे. ‘पुराण’ शब्दातील ‘ण’ साठी ‘न’चे रोमन अक्षर दोनदा. आजही गोव्यात रोमन लिपीत कोकणी लिहिताना ही पद्धत दिसते. कानाने नेमका भेद टिपल्यावाचून अशी युक्ती सुचत नाही.

या परिश्रमांचे फळ म्हणजे १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’. दोन भाग आणि जवळजवळ अकरा हजार ओव्या असा त्याचा विस्तार आहे. जुनी पुराणे दूर झालेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी वाचावयास, ऐकावयास काहीतरी द्यावे, अशी मागणी झाली, आणि तिला उत्तर म्हणून हा ग्रंथ रचिला, असे ग्रंथारंभी सांगितले आहे. ध्यानात घ्या: स्टीफन्सने आपल्या देशाचे छंद येथे आणून लादले नाहीत. लोकांच्या कानात ओवी घोळत होती, म्हणून त्याने ओवी घेतली. स्वर्गाला त्याने ‘वैकुंठ’ म्हटले. आरंभीच मराठी भाषेची मुक्तकंठाने स्तुती केली. त्याचे धर्ममत कोणाला मान्य होईल, कोणाला होणार नाही. परंतु मराठीचा अभिमान बाळगणारा कोणीही त्याच्या शिष्यवृत्तीपुढे मान तुकवील. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरलाच छापले गेले.

उत्तरेत मोगल दरबारी गेलेल्या जेझुइटांनीही हाच मार्ग धरला होता. जेरोम झेवियर हा १५९५ मध्ये अकबराकडे आला, तेव्हा तो पंचेचाळिशीच्या घरात होता. त्या वयात तो फारसीचा विद्यार्थी झाला. अब्दुस्सत्तार नावाच्या विद्वानाच्या साहाय्याने त्याने फारसीत ख्रिस्तचरित्र लिहिले. आणि गंमत अशी की, अब्दुस्सत्ताराने याच पाद्र्याकडून लॅटिन शिकून घेतली! गुरू शिष्य झाला, शिष्य गुरू झाला. भाषेच्या पाठशाळेत वरची आणि खालची अशी बाके नसतात.

शिकण्याचे नाकारले तर

गोव्याच्या धर्मपरिषदेने १६०६ मध्ये असा दंडक घातला होता की, स्थानिक भाषा येत नसलेल्या पाद्र्याला गावचे चर्च सोपवू नये. हा दंडक शहाणपणाचा होता. परंतु शिकण्याचे कष्ट सर्वांना मानवत नाहीत. कालांतराने दंडक ढिला पडला, आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने नेमका उलटा हुकूम काढला: तीन वर्षांच्या आत लोकांनीच आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावयास लागावे! म्हणजे मूठभर पाद्र्यांचे कष्ट वाचावेत म्हणून साऱ्या प्रांताने आपली मातृभाषा टाकावी. हुकमाने भाषा मरत नाही, तशी ती मेली नाही. आजही गोव्याच्या घराघरांत कोकणी नांदते. पण शाळा, कचेऱ्या आणि ग्रंथ यांतून तिची दीर्घकाळ हेळसांड झाली. शिकणाऱ्याने नम्रता सोडली की भाषेचे काय होते, हे समजण्यासाठी स्टीफन्सचा ग्रंथ आणि हा हुकूम शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

एकोणिसाव्या शतकात मराठी मुलखात आलेल्या तरुण मिशनऱ्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. विल्यम केरी तर महाराष्ट्रात आलाच नाही. बंगाल्यात बसून, वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तो मराठी शिकला. १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण निघाले आणि १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापलेला मराठी-इंग्रजी कोश. अमेरिकेहून आलेला गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस उतरला. सरकार त्याला परत पाठविण्याच्या विचारात होते. तो नेटाने राहिला आणि मराठी शिकून रस्त्यांतून, देवळांच्या आवारांतून लोकांशी बोलू लागला. १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात तो पटकीने वारला. पुढे मुंबईत ज्याच्या नावाने महाविद्यालय प्रसिद्ध झाले तो जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा अवघा चोवीस वर्षांचा होता. मुंबईसारख्या सरमिसळ भाषेच्या शहरात न थांबता तो पत्नी मार्गारेटसह प्रथम कोकणात, हर्णै-बाणकोटकडे गेला, आणि तेथे मराठीचे पाठ गिरवून मग त्याच वर्षी मुंबईत कामाला लागला. मार्गारेटनेही मराठी शिकून मुलींच्या शाळा चालविल्या. आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थने जो कोश सिद्ध केला, त्यामागे शास्त्रीमंडळींचे केवढे साहाय्य होते! १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या कोशाची शब्दसंख्या साठ हजारांच्या घरात गेली. आजही जुना मराठी शब्द अडला की आपण मोल्सवर्थ उघडतो. कोशाच्या मुखपृष्ठावर एक नाव असते. पण शब्द सांगणारी तोंडे शेकडो असतात.

धारचे खांब

आता पुन्हा माळव्यात येऊ. मांडूपासून सुमारे पस्तीस किलोमीटरांवर धार शहर आहे. तेथील भोजशाळा अथवा कमाल मौला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत काही प्राचीन शिलालेख आहेत. धार संस्थानाच्या शिक्षणखात्याचे प्रमुख काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ मध्ये त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यांतील दोन लेख सापाच्या वेटोळ्याच्या आकृतीत कोरलेले आहेत. त्यांत आहे काय? संस्कृतची वर्णमाला आणि नामांचे व क्रियापदांचे प्रत्यय! परमारांच्या राज्यात शेकडो वर्षांपूर्वी कोणीतरी विभक्तिप्रत्ययांचा तक्ता दगडावर खोदून ठेवला. ‘सु-औ-जस्’ पाठ करताना कंटाळणाऱ्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे की, हा कंटाळा पुष्कळ पुरातन आहे, आणि त्यावर मात करण्याची धडपडही तितकीच पुरातन आहे.

याच धारला १८९५ मध्ये कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने केंद्र उघडले. १८९१ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी तेथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. वैद्याला दुभाष्यावर भिस्त ठेवून चालत नाही. ‘दुखते’, ‘ठणकते’, ‘टोचते’, ‘जळजळते’ या शब्दांनी आपण चार निराळ्या वेदना सांगतो. माळव्यातल्या आयाबायांचेही असेच आपले शब्द असणार. त्यांतला भेद ज्याला कळत नाही, त्याला रोगही कळत नाही. भाषेच्या अज्ञानाने वकिलाचा तह अडतो; वैद्याच्या बाबतीत प्राणाशी गाठ असते.

आणि परक्यांच्याच गोष्टी कशाला? धार आणि देवास येथे पवारांची राज्ये स्थापन झाली तेव्हा त्यांच्यामागून गेलेली मराठी कुटुंबे तरी तेथे परभाषिकच होती. घरात मराठी, बाजारात माळवी, कचेरीत हिंदी, असा त्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्या घरांतल्या मुलांना कोणी भाषा ‘शिकविली’ नाही. अंगणात खेळता खेळता ती त्यांच्या तोंडी बसली. कोरियटने धोबिणीकडून जे मिळविले, ते त्यांना सवंगड्यांकडून मिळाले.

आम्ही आणि आपण

या सर्व कथांचे तात्पर्य सांगण्यासाठी आम्ही मराठीतलेच दोन शब्द निवडतो: ‘आम्ही’ आणि ‘आपण’. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे. म्हणून मराठी शिकणारा परदेशी मनुष्य हमखास येथे अडखळतो. ‘आम्ही जेवायला बसतो’ म्हटले की ऐकणारा पंक्तीबाहेर राहिला. ‘आपण जेवायला बसू’ म्हटले की त्याच्यासाठी पाट मांडला गेला. व्याकरणाच्या पुस्तकात हा भेद दोन ओळींत संपतो. पण कोणापुढे ‘आम्ही’ म्हणावे आणि ‘आपण’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला केव्हा प्राप्त होतो, हे कळावयास त्या लोकांत वर्षानुवर्षे राहावे लागते. मांडूच्या बिऱ्हाडातील मंडळी शेवटपर्यंत ‘आम्ही’च राहिली. १६८४ चा हुकूम काढणाऱ्यालाही ‘आम्ही’ एवढेच ठाऊक होते. चाळीस वर्षे साष्टीत राहून ओवी लिहिणाऱ्या माणसाला मात्र ‘आपण’ हा शब्द सापडला होता.

तेव्हा मित्रहो, परभाषा शिकताना चार गोष्टी ध्यानी धरा. पहिली, जिभेच्या आधी कान तयार करा. जो भेद ऐकू येत नाही तो उच्चारता येत नाही. दुसरी, पुस्तक आणि माणूस या दोघांनाही गुरू करा; खांबावरचे प्रत्ययही हवेत आणि धोबिणीचे टोमणेही हवेत. तिसरी, हसे होण्याची भीती टाका; बोलताना चुकणारा विद्यार्थी उद्या बोलेल, पण मौन धरणारा कधीच बोलणार नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, ज्याची भाषा शिकावयाची त्याला आपल्यापेक्षा कमी लेखू नका.

तुमच्या वर्गात, तुमच्या आळीत, घरी वेगळी भाषा बोलणारा कोणी ना कोणी असेलच. कोणाच्या घरी कोकणी असेल, कोणाच्या घरी अहिराणी, भिल्ली, कानडी, तेलुगू, गुजराती किंवा उर्दू असेल. येत्या सुटीत त्याच्याजवळ बसून दहा शब्द, दोन म्हणी आणि एक विनोद शिका. विनोद ऐकून तुम्हांला मनापासून हसू आले, तर तुमच्या अभ्यासाला योग्य आरंभ झाला असे समजा. आणि तुमच्या उच्चारांना तो हसला, तर त्याच्याबरोबर तुम्हीही हसा, आणि तोच शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहा.